‘पहले कदम मिलाओ’

काकू, नमस्कार.

मी 19 वर्षांचा. इंदूरला रामबागेत राहतो, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सातव्या वर्षापासून तबला शिकलो, दहावीनंतर ड्रम. अमेरिकेतल्या ड्रमलाइनचे व्हिडिओ बघून बघून रोल, फ्लॅम, पॅराडिडल असे दांड्यांचे सगळे प्रकार स्वतःच बसवले. जुलैत कॉलेजच्या मार्चिंग बँडमध्ये साइड ड्रमवर घेतलं. आम्ही आठ साइड ड्रम, दोन टेनर, एक बेस ड्रम, बाकी ट्रंपेट आणि बिगुल. 26 जानेवारीला नेहरू स्टेडियमवर वाजवायचं आहे. सगळे तेच ते सरळ वाजवतात म्हणून मी मध्ये मध्ये जास्तीचे ठोके भरतो. तालीम बघायला आलेली मुलं माझ्याकडेच बघतात. सर मात्र दर वेळी एकच म्हणतात, “भिया, सोलो बाद में, पहले कदम मिलाओ.” गेल्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांसमोर मला बेस ड्रमवर टाकलं आणि लीडिंग ड्रमर केलं फर्स्ट इयरच्या एका मुलीला. ती शाळेत एनसीसीला होती, ड्रम हातात घेतला तो कॉलेजात आल्यावर. तिला पॅराडिडलसुद्धा धड येत नाही, ते मी मागेच सगळ्यांदेखत दाखवून दिलं होतं. त्यानंतरच्या दोन तालमींना मी गेलो नाही. (ट्रंपेटवरचा मित्र म्हणाला, त्या दोन दिवशी बँड जास्त स्वच्छ वाजला. मस्करी करत असेल.) आई म्हणते सोडून दे, बाबा म्हणतात घेतलंस ते पुरं कर. बेस ड्रमवर धम-धम करून हात खराब होईल अशीही भीती वाटते. सोडू का?

— तालवेडा, इंदूर

प्रिय तालवेड्या,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्या वाचनात मी पूर्ण तुझ्या बाजूची होते. सगळ्या पोरांसमोर एकाच्या खांद्यावरचा ड्रम काढून त्याला दुसरीकडे उभं करणं मला पटलं नाही, अजून पटत नाही. सरांनी तुला पाच मिनिटं बाजूला घेऊन बोलायला हवं होतं. दुसऱ्या वाचनात ‘सगळ्यांदेखत दाखवून दिलं’ हे शब्द खुपले. सरांनी तुझ्याशी जे केलं ते तू त्या मुलीशी आधीच करून बसला होतास. तिनं कुणाला पत्र लिहिलं असेल, कोण जाणे. तिसऱ्या वेळी कंसापाशी थांबले. इतकी वर्षं लोकांची पत्रं वाचून मला एक खोड जडली आहे, कंसातलं मी आधी खरं मानते. तुझा मित्र मस्करी करत नव्हता रे. तुलाही ते ठाऊक आहे, नाहीतर ते वाक्य तू लिहिलंच नसतंस.

आता उत्तर. 26 जानेवारीपर्यंत सोडू नकोस. तीन आठवडे उरलेत, इतक्यात बेस ड्रमवर नवा माणूस तयार होत नाही, आणि तुझ्या रागाची किंमत त्या ट्रंपेटवाल्यानं का मोजावी? 27 तारखेला सोडावंसं वाटलं तर खुशाल सोड, मी नावं ठेवणार नाही. एकट्यानं वाजवण्यातच रमणारी माणसं असतात. होळकरांच्या दरबारात नाना पानशांचा पखवाज ऐकलेलं हे गाव आहे, इथे एकल वादनाला कुणी कमी लेखत नाही. पण सर काय सांगताहेत ते तू अजून ऐकलेलंच नाहीस. ‘कदम मिलाओ’ हा तुला टोमणा वाटला. मला तरी ती तालाची शिकवणी वाटते, आणि अगदी नेमकी.

मी ड्रम वाजवत नाही, माझं वाद्य पेटी. पण वडिलांच्या नोकरीमुळे माझं लहानपण महूच्या छावणीजवळ गेलं, आणि शेजारी फौजी बँडमधले एक निवृत्त हवालदार राहायचे. पचमढीला लष्कराचं संगीत शिकवणारं केंद्र आहे ना, तिथे शिकून आलेले. सुट्टीत ते आम्हा पोरांना मैदानावर न्यायचे, एका टोकाला ओळीत उभं करायचे आणि स्वतः शंभर पावलं लांब जाऊन दोन थाळ्या एकमेकींवर आपटायचे. थाळ्या भिडलेल्या आधी दिसायच्या, ‘ठण्ण’ मागून यायचं. आम्हाला ती जादू वाटायची. परत आल्यावर ते विचारायचे, बोला, मी वाजवलं कधी? दिसलं तेव्हा की ऐकू आलं तेव्हा?

तुझा सगळा घोळ या थाळ्यांत आहे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. तुमचा बँड पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत वीस मीटर पसरला आहे असं धर. पुढच्याचा ठोका मागे पोचायला सेकंदाचा सतरावा भाग लागतो. ‘तेज चल’ची लय मिनिटाला 120 पावलांची, म्हणजे पावलाला अर्धा सेकंद. चौपटीत, म्हणजे पावलाला चार ठोके, वाजवलंस तर एकेक ठोका सेकंदाच्या आठव्या भागाचा. आता मागचा मुलगा जर पुढच्याचं कानानं ऐकून वाजवू लागला, तर तो सतराव्या भागानं उशिरा वाजवेल, आणि त्याचं वाजवणं पुढे परत यायला आणखी तेवढाच वेळ. पुढच्याच्या कानावर ते येईपर्यंत चौपटीतला जवळजवळ एक अख्खा ठोका निघून गेलेला असतो. पुढच्याला वाटतं मागचे मागे पडले, म्हणून तो थांबून बघतो. मागच्याला वाटतं पुढचा संथ झाला. दोघंही मन लावून ऐकताहेत आणि दोघंही चुकताहेत.

तबल्यात हा प्रश्न येत नाही. गवई तुझ्यापासून दोन हातांवर बसलेला असतो, कान पुरतो. बारा वर्षं तू कान तयार केलास आणि मैदानावर नेमका तोच फसवतो. म्हणून मार्चिंगमध्ये लय डोळ्यांनी घेतात, बँडच्या पुढे चालणाऱ्या ड्रम मेजरच्या दांडीवरून आणि पायांवरून. दिसायला वेळ लागत नाही. सगळ्यांचे डावे पाय एका क्षणी जमिनीवर पडले की प्रत्येकाची सम त्याच्या स्वतःच्या बुटाखाली असते, दुसऱ्याकडून उसनी आणावी लागत नाही. सर तेच सांगत होते. इंदुरी माणूस, त्यानं चार शब्दांत आटपलं.

आता तुझ्या भरण्याकडे वळू. तुझी कीव येते ती इथे, कारण यात तुझी नियत वाईट नव्हती. फ्लॅम म्हणजे काय, मुद्दाम किंचित मागेपुढे टाकलेले दोन ठोके. एकट्या ड्रमवर ते सुंदर लागतं. पण शेजारी सात जण एकत्र एकच ठोका देत असताना तू फ्लॅम दिलास, तर प्रेक्षकांत बसलेल्या माणसाला ती नक्षी कळत नाही. त्याला एवढंच कळतं की कुणीतरी चुकलं. साइड ड्रमच्या खालच्या पुडीला तारा लावलेल्या असतात, त्यांच्यामुळे ठोका कडकडीत आणि टोकदार होतो. असा आवाज जरा इकडेतिकडे झाला की लगेच उघडा पडतो. शिवाय स्टेडियमला सिमेंटच्या पायऱ्या आहेत. समोरच्या पायऱ्या पन्नास मीटरवर असतील तर तुझा ठोका तिथे आपटून परत यायला पाव सेकंदापेक्षा जास्त वेळ लागतो. ज्या रिकाम्या जागा तू भरत होतास, त्यांतच हा प्रतिध्वनी विरायचा असतो. अनंत चतुर्दशीला देखाव्यांच्या झांक्या निघतात त्या रात्री राजवाड्यापाशी उभा राहिला असशील. एका आखाड्याचा ढोल संपायच्या आत दुसऱ्याचा येतो, आणि दोन्हीकडे तयार हात असूनही ऐकणाऱ्याच्या पदरात नुसता गोंगाट पडतो. (झांक्यांच्या रात्रीचा गोंगाट मला आवडतो, ते वेगळं. परेडला चालत नाही.)

ती पोरं तुझ्याकडे बघतात म्हणून लिहिलंस. बघणारच. ओळीत एकाची दांडी वेगळी उचलली गेली की नजर तिथेच जाते. परदेशी ड्रमलाइनमध्ये दांडी पुडीपासून किती वर न्यायची तेही ठरलेलं असतं, 3 इंच, 6 इंच, 9, 12. आवाज त्यावरून ठरतो आणि सगळ्यांचा सारखा राहतो. तू ज्या व्हिडिओंवर शिकलास त्यांतलाच एखादा आज परत लाव, पण मधल्या साइड ड्रमवाल्यांकडे बघू नकोस. टोकाला बेस ड्रमवाले उभे असतात त्यांना बघ. चार-पाच जण, प्रत्येकाचा ड्रम वेगळ्या आकाराचा, वेगळ्या स्वराचा. ‘धडधडधडधड’ असा एक तुकडा वरून खाली धावत जातो. तो कुणी एकानं वाजवलेला नसतो. प्रत्येकाच्या वाट्याला त्यातला एखाददुसराच ठोका. ज्याला तो एकच ठोका आपल्या जागी टाकायचा आहे त्याची बाकीच्या वेळची मोजणी केवढी पक्की असेल, विचार कर. कॅमेरा त्यांच्यावर कमी असतो, म्हणून तुझ्या नजरेतून सुटले.

आता माझी एक फजिती सांगते. विशीत मी एकल तबल्याला पेटीवर लेहरा धरायला जायचे. त्रितालाची सोळा मात्रांची एकच ओळ, चाळीस-चाळीस मिनिटं. लोक वाहवा करायचे तबलजीला, माझ्याकडे बघायचंही कुणी नाही. हात बरा होता, डोक्यात हवाही होती. एका कार्यक्रमात तबल्यावर मोठी चक्रदार, तीनदा वाजवून समेवर यायची रचना, सुरू होती. शेवटचा पल्ला, सम दोन मात्रांवर, आणि मला काय सुचलं, मी ओळीच्या शेवटी एक मुरकी घेतली. ऐकायला गोड. पण तो माणूस माझ्या ओळीवर टेकून उडी मारत होता आणि मी त्याच्या पायाखालची फळी सरकवली. सम अर्ध्या मात्रेनं हुकली. तो रंगमंचावर हसला, सावरून घेतलं, टाळ्यासुद्धा मिळाल्या. रात्री सराफ्यात आम्ही सगळे गराडू खायला गेलो तेव्हा त्यानं फक्त एवढंच विचारलं, “ताई, कंटाळा आला होता का?” रागावला असता तर बरं झालं असतं. तो गराडू माझ्या घशाखाली उतरला नाही आणि पुढे सहा महिने मी ओळीत एक स्वर इकडचा तिकडे केला नाही.

कंटाळा आला होता, हेच खरं होतं. तुझंही तेच झालंय का ते बघ. सोपं वाजवायला तयार हाताला कंटाळा येतो आणि मग तो स्वतःचं मन रमवायला काहीतरी करतो. त्यावरचा उपाय तुला तबल्यातच सापडेल. आपल्या गावाचं नाव ज्यांच्या घराण्याला लागलंय त्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा विलंबित झूमरा ऐक. 14 मात्रा, इतक्या सावकाश की नवशिक्या तबलजीचा दोन ठोक्यांच्या मध्ये जीव टांगणीला लागावा. खाँसाहेबांना तिथे साधा, ठाम ठेका लागायचा. ती मोकळी जागा न भरता धरून ठेवायला जो हात लागतो, तो ज्यानं नुसतीच द्रुत लग्गी घोटली त्याला मिळत नाही.

बेस ड्रमही असाच धरून ठेवायचा असतो. डावा पाय आणि ‘धम’ एका वेळी. तुमच्या मागून चालणाऱ्या तुकड्यांना ट्रंपेट अर्धवट ऐकू येतात, साइड ड्रमचं बारीक काम तर पोचतही नाही. पोचतो तो बेस ड्रम, आणि त्यावरच त्यांचे पाय पडतात. तो ढळला तर मागच्या शंभर पोरांचं पाऊल तुटतं आणि मंडपात बसलेल्या पाहुण्यांना ते सगळ्यात आधी दिसतं. आमचे हवालदार म्हणायचे की धून थांबवायची खूणही बेस ड्रमवालाच देतो, एकापाठोपाठ जोडठोके. ते पडले नाहीत तर अर्धा बँड थांबतो आणि अर्धा वाजत राहतो. तुमच्याकडे ही खूण कशी ठरली आहे ते सरांना विचारून घे. ज्या मुलाची लय डळमळीत आहे त्याच्या छातीवर कुठलाही बँडमास्तर परेडला तीन आठवडे असताना हे ओझं चढवत नाही. सरांनी तुला शिक्षा केली की त्यांना ठोका पक्का असलेला माणूस हवा होता, हे तूच त्यांना विचार. मला दुसरं जास्त संभवतं.

ती मुलगी लीडिंग ड्रमर का झाली याचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे, तू ते तिला कमी दाखवायला लिहिलंस. एनसीसी. तिला चालता येतं. तू बारा वर्षं मांडी घालून वाजवलंस, पायात ताल कधी उतरवलाच नाहीस. सरळ चालताना निभतं. ‘दाहिने घूम’ला, रांग उजवीकडे वळते तेव्हा, काय होतं ते आठव. आतला मुलगा जवळजवळ जागेवरच पावलं टाकतो, बाहेरचा 30 इंचांची पूर्ण पावलं टाकतो, आणि सगळ्यांच्या हाताची लय मात्र एकच. बाहेरच्या टोकाला असलास की लांब टांगेबरोबर हात ओढला जातो, आत असलास की बारीक पावलांबरोबर पळतो. माझी खात्री आहे तू तिथे पळत असशील. तिला विचार ती वळताना काय मोजते. शिकायला जा, पॅराडिडल शिकवायला नको. ते तिनं मागितलं तर दे, आणि तेव्हा आसपास कोणी नसेल असं बघ.

घरी गच्चीवर कदमताल करत जा. मोबाइलवर मेट्रोनोम 120 वर लाव, हात मोकळे, तोंडानं तबल्याचे बोल म्हण, डाव्या पायावर सम. सुरुवातीला हसू येईल, त्रितालातही अडखळशील. झपताल घेतलास तर मजा बघ, 10 मात्रांचे पाच-पाचचे दोन अर्ध, त्यामुळे ‘खाली’ची मात्रा उजव्या पायावर जाते आणि डोकं ठिकाणावर येतं. हात खराब होण्याची भीती काढून टाक, रोज अर्धा तास तबल्यावर बस म्हणजे झालं. बारा वर्षांचा रियाज तीन आठवड्यांत कुठे जात नाही.

आणखी एक कर. तालीम बघायला येणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा आईला सांगून तालमीचं रेकॉर्डिंग करून घे, पण मैदानाच्या कडेला पंचवीस पावलं लांब उभं राहून. तुझ्या शेजारून नको. मग डोळे मिटून ऐक आणि स्वतःचा ड्रम शोध. ओळखू आला, तर काय दुरुस्त करायचं ते तुलाच कळेल. बेस ड्रमच्या बाबतीत अर्थात तो ओळखू येणारच, एकच आहे. तेव्हा आधीचं, साइड ड्रमवर असतानाचं रेकॉर्डिंग कुणाकडे असेल तर ते माग. आपलंच वाजवणं लांबून ऐकणं हा प्रकार सुखाचा नसतो, पण घेऊन बघ.

सरांकडे एकटा जा. आईला नेऊ नकोस, बाबांनाही. दोन तालमी चुकवल्या, माफ करा, एवढं बोलून गप्प राहा. ‘पण’नं सुरू होणारं वाक्य जिभेवर आलं तर गिळ. सगळ्यांसमोर जागा बदलल्याचं वाईट वाटलं हे सांगायचा तुला हक्क आहे, ते 26 झाल्यावर शांतपणे सांग, तेव्हा ऐकलं जाईल. त्याच वेळी विचार, की स्नेहसंमेलनात आठ साइड ड्रमचा तीन मिनिटांचा तुकडा बसवू का? तू लिही. पण अट अशी की त्यात सगळ्यात कच्च्या मुलाला त्याच्या हाताला पेलेल असं काम द्यायचं आणि तरी तो तुकडा त्याच्याशिवाय उभा राहता कामा नये. हे लिहायला तुझ्या चक्रदारीपेक्षा अवघड जाईल, आणि मला वाटतं यात तुला कंटाळा येणार नाही. तुझा स्वतःचा एकल तबला ठेव कुणाच्या तरी घरच्या बैठकीत, गणपतीत. मला बोलाव, लेहरा धरायला येईन. मुरकी घेणार नाही.

आईला सांग, काकूंनी बाबांची बाजू घेतली म्हणून रागावू नका. मुलाचा अपमान झाला की आईला ते घर पेटल्यासारखं वाटतं, त्यात तिची चूक नाही.

आणि उद्या तालमीला जाताना एक जुना टॉवेल घेऊन जा. बेस ड्रमचा पट्टा मानेजवळ काचतो, शर्टाच्या आत घडी घालून ठेव. ड्रम छातीवर असल्यावर स्वतःचे पाय दिसत नाहीत, तेव्हा डावा बूट जरा घट्ट बांध. थंडी आहे, मैदानावर पाच मिनिटं आधी पोच आणि बोटं चोळून घे.

— काकू